अमेरिकेचं राजकारण आणि राज्यकारभार: इंटरनेटवर खात्रीची माहिती कुठे शोधावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२० सप्टेंबर २०२५, शनिवारची सकाळ. न्यू जर्सीत नोकरी करणारी माझी भाची सुट्टीवर पुण्यात आली होती. पहाटेपासून तिचा फोन वाजत होता: एच-१बी व्हिसावर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसावर, दरवर्षी एक लाख डॉलर भरावे लागणार, उद्या सकाळी साडेनऊच्या आत अमेरिकेत पोचा, नाहीतर अडकलात. तिने मिळेल त्या भावाने तिकीट काढलं आणि दुपारी मुंबई विमानतळ गाठला. ती विमानात असतानाच खुलासा आला, की आधीपासून व्हिसा असणाऱ्यांना हे लागू नाही आणि रक्कम दरवर्षीचीही नाही.

राज्यशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या शनिवारनंतर नातेवाईक, जुने विद्यार्थी, शेजारी जे जे विचारत गेले ते मी वहीत टिपत गेलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह देतो आहे.

मला अमेरिकेच्या व्यवस्थेतलं काहीच ठाऊक नाही. सुरुवात कुठून करू?

राज्यघटनेपासून. १७८७ सालचा हा मजकूर आपल्या घटनेच्या तुलनेत अगदी आटोपशीर आहे: सात कलमं आणि आजवरच्या २७ दुरुस्त्या. एका बैठकीत वाचून होतो. पहिलं कलम कायदेमंडळाचं, दुसरं राष्ट्राध्यक्षांचं, तिसरं न्यायालयांचं. हा क्रम लक्षात राहिला तरी रोजच्या निम्म्या बातम्यांचा संदर्भ लागतो.

मूळ मजकूर 'नॅशनल आर्काइव्ह्ज'च्या संकेतस्थळावर आहे. पण नवख्या वाचकाला मी फिलाडेल्फियाच्या 'नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर'कडे पाठवतो. तिथे घटनेच्या तरतुदींवर दोन वेगळ्या विचारांचे अभ्यासक एकत्र बसून लिहितात. ज्यावर दोघांचं एकमत आहे तो भाग एका लेखात येतो आणि मग प्रत्येकाची स्वतंत्र मांडणी. वाद कुठे आहे आणि कुठे नाही, हे इतकं प्रामाणिकपणे वेगळं करून दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. आणखी खोलात जायचं असेल तर 'कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड' पाहा. तिथे प्रत्येक वाक्यावर सर्वोच्च न्यायालय काय काय म्हणालं, याचा परामर्श आहे.

शाळकरी मुलांसाठी 'आयसिव्हिक्स' आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी निवृत्तीनंतर, २००९ मध्ये, ही संस्था सुरू केली. खेळांतून शिकवते. मोठ्यांनीही खेळून पाहायला हरकत नाही. 'खान अकॅडमी'वरचे अमेरिकन शासनाचे धडेही मोफत आहेत आणि चांगले आहेत.

शब्दांचाच गोंधळ होतो. काँग्रेस, सेक्रेटरी, प्रेसिडेंट… हे आपल्यासारखंच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. काँग्रेस म्हणजे तिथली संसद: ४३५ सदस्यांचं प्रतिनिधिगृह आणि १०० सदस्यांची सिनेट. सेक्रेटरी म्हणजे मंत्री. आपल्याकडच्या सचिवासारखा सनदी अधिकारी नव्हे. मात्र हा मंत्री संसदेचा सदस्य नसतो, असूही शकत नाही.

हा फरक मराठी माणसाने समजावून घ्यायचा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण वाचावं. मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं होतं, की आपल्या राष्ट्रपतीत आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षात नावापलीकडे साम्य नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत उत्तरदायित्व अधिक देते. एकीत सरकारची झडती ठरावीक काळाने होते, दुसरीत रोज. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते, ती व्यवस्था त्यांनी जवळून पाहिलेली होती. संविधान सभेच्या चर्चा आपल्या संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. अमेरिकेवरच्या माझ्या यादीत हे भारतीय पान मी मुद्दाम ठेवलं आहे.

"ग्रीन कार्डचं बिल पास झालं" असा मेसेज येतो. खरं-खोटं कसं पाहायचं?

'काँग्रेस डॉट गव्ह' उघडायचं आणि विधेयकाचा क्रमांक टाकायचा. हे संकेतस्थळ 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' चालवते. विधेयकाच्या पानावर वरच एक पट्टी दिसते: मांडलं, प्रतिनिधिगृहात मंजूर, सिनेटमध्ये मंजूर, राष्ट्राध्यक्षांकडे, कायदा झाला. यातली कोणती पायरी रंगवलेली आहे, एवढंच आधी पाहायचं.

एक खरी गोष्ट सांगतो, कारण तिने आपल्या लोकांना फार आशेला लावलं होतं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत (कायम वास्तव्याच्या परवान्यांत) कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळू नये अशी मर्यादा कायद्यात आहे. भारतीयांची रांग वर्षानुवर्षं का हलत नाही, याचं मुख्य कारण तेच. ती मर्यादा काढणारं एच.आर. १०४४ (एच.आर. म्हणजे प्रतिनिधिगृहाचं विधेयक, एस. म्हणजे सिनेटचं) हे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. पेढे वाटावेत असाच आकडा. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने त्याच विषयावरचं एस. ३८६ एकमताने मंजूर केलं. पुन्हा जल्लोष. "दोन्ही सभागृहांत पास" हे वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि तरीही कायदा झालेला नव्हता.

कारण ही दोन वेगवेगळी विधेयकं होती आणि सिनेटच्या मजकुरात बदल होते. दोन्ही सभागृहांनी एकच मजकूर, शब्दाला शब्द, मंजूर केल्याशिवाय तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जात नाही. तो मेळ बसायच्या आत ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली. मुदत संपली की अपुरी विधेयकं रद्द होतात, नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एच.आर. १०४४ चं पान आजही उघडा. पट्टी प्रतिनिधिगृहाच्या पायरीवरच थांबलेली आहे.

म्हणून मेसेजमध्ये विधेयकाचा क्रमांक नसेल तर मी तो पुढे पाठवत नाही. क्रमांक असेल तर तीन गोष्टी बघतो: कितवी काँग्रेस, कोणती पायरी, आणि दुसऱ्या सभागृहात त्याच मजकुराचं काय झालं. सिनेटची आणखी एक अडचण ध्यानात ठेवा. बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायलाच तिथे ६० मतं लागतात. साधं बहुमत हाताशी असूनही कायदा अडतो तो त्यामुळे.

आणि राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला तर? तो तर लगेच लागू होतो ना?

कधी लगेच, कधी काही दिवसांनी, आणि कधी न्यायालय अडवतं. आदेशाचा मजकूर आधी व्हाइट हाऊसच्या संकेतस्थळावर येतो आणि नंतर 'फेडरल रजिस्टर'मध्ये छापला जातो. फेडरल रजिस्टर म्हणजे तिथलं राजपत्र, १९३६ पासून चालत आलेलं, आज मोफत आणि शोधायला सोपं.

त्या सप्टेंबरच्या शनिवारी नेमकं काय घडलं ते पाहा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बीच्या घोषणापत्रावर सही केली, त्या वेळी वाणिज्यमंत्र्यांनी एक लाख डॉलरची रक्कम दरवर्षीची असल्याचं सांगितलं. मजकुरात मात्र 'दरवर्षी' असं कुठेच नव्हतं. म्हणजे ज्यांनी कागद वाचला त्यांच्या मनातली निम्मी भीती तिथेच गेली असती. पण आधीच व्हिसा असलेल्यांचं काय, हे त्या कागदातूनही पुरेसं स्पष्ट होत नव्हतं. ते स्पष्ट झालं शनिवारी निघालेल्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या टिपणातून: अजून दाखल न झालेल्या, नव्या अर्जांनाच हे लागू. तेव्हा कागद दोन लागतात, मूळ आदेश आणि तो अमलात आणणाऱ्या खात्याचा खुलासा. मंत्र्याचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं तिसऱ्या क्रमांकावर. माझ्या भाचीला हे सांगायला मी त्या सकाळी तयार नव्हतो, याची रुखरुख अजून आहे.

नियम बदलतानाही असाच घोळ होतो. खातं आधी 'प्रस्तावित नियम' प्रसिद्ध करतं, त्यावर लोकांची मतं मागवतं आणि नंतर 'अंतिम नियम' काढतं. बातम्यांत प्रस्तावाचाच गाजावाजा होतो. 'रेग्युलेशन्स डॉट गव्ह'वर हे प्रस्ताव आणि त्यांवर लोकांनी नोंदवलेली मतं दोन्ही वाचता येतात.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सामान्य माणसाला वाचता येईल का?

येईल, फक्त सुरुवात सिलॅबसने करा. प्रत्येक मोठ्या निकालाच्या पुढे दोन-चार पानांचा हा सारांश जोडलेला असतो. तो न्यायालयाचा कर्मचारी लिहितो, निकालाचा अधिकृत भाग नसतो, पण प्रश्न काय होता आणि उत्तर काय मिळालं हे त्यात नेमकं कळतं. मग बहुमताचं निकालपत्र, आणि शेवटी असहमतीचं. असहमतीचं टाळू नका. बहुमताच्या युक्तिवादातली कच्ची जागा तिथेच दिसते.

प्रश्न काय होता हे पाहणं का महत्त्वाचं, याचं उदाहरण म्हणजे २७ जून २०२५ चा 'ट्रम्प विरुद्ध कासा' निकाल. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशातून तो खटला उभा राहिला होता, म्हणून न्यायालयाने आदेशच वैध ठरवला अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात त्या दिवशी न्यायालयासमोरचा मुद्दा वेगळा होता: एखादा जिल्हा न्यायाधीश सरसकट देशभर लागू होणारी स्थगिती देऊ शकतो का? आदेश घटनेत बसतो की नाही, याचा निर्णय त्या निकालात नाही.

समजावून सांगणारं संकेतस्थळ हवं असेल तर २००२ पासून चालणारं 'स्कॉटस ब्लॉग' पाहा. कायद्याचा मजकूर हवा असेल तर कॉर्नेल विद्यापीठाची 'लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट', १९९२ पासून मोफत. आणि माझं सगळ्यात आवडतं 'ओयेझ'. १९५५ पासूनच्या तोंडी युक्तिवादांची ध्वनिमुद्रणं तिथे आहेत. आवाज चालू असताना मजकूरही पुढे सरकतो आणि कोण बोलतंय ते दिसतं. जुन्या मुद्रणांत वकिलाचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत न्यायमूर्ती प्रश्न विचारायला लागतात, हे कानांनी ऐकण्यासारखं आहे.

पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' आहे म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवायचा?

'डॉट गव्ह' हा पत्ता अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनाच मिळतो, त्यामुळे पान कोणाचं आहे याची खात्री होते. त्यावरचं प्रत्येक वाक्य तटस्थ आहे याची होत नाही. व्हाइट हाऊसचं संकेतस्थळ हे त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांचं व्यासपीठ असतं, मग पक्ष कोणताही असो. आदेशाचा मजकूर तिथून घ्यावा, कामगिरीची वर्णनं दुसरीकडे पडताळावीत. राष्ट्राध्यक्ष बदलले की ते संकेतस्थळही बदलतं. जुनी पानं नॅशनल आर्काइव्ह्जकडे जपलेली असतात, शिवाय इंटरनेट आर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' आहेच.

अधिकृत पानांवर साध्या चुकाही होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, वर मी ज्याची शिफारस केली त्याच 'कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड'वरून पहिल्या कलमातला काही भाग गायब झाला होता. लायब्ररी ऑफ काँग्रेसने कोडिंगमधली चूक असल्याचं सांगून तो परत आणला. ती शिफारस मी तरीही मागे घेतलेली नाही. चूक वाचकांच्या लक्षात आली आणि लगेच दुरुस्त झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सरकारच्याच पण पक्षीय प्रचारापासून दूर राहण्यासाठी घडवलेल्या तीन संस्था ओळखून ठेवा. 'काँग्रेशनल बजेट ऑफिस' विधेयकाचा खर्च मोजतं. 'गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस'चं काम साधारण आपल्या कॅगसारखं. 'काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस' खासदारांसाठी अभ्यास अहवाल लिहिते. हे अहवाल वर्षानुवर्षं लोकांना सरळ मिळत नसत, २०१८ पासून अधिकृतपणे खुले झाले. एखादा विषय वीस पानांत, दोन्ही बाजूंसह समजून घ्यायचा तर यांच्याइतकं नेटकं लिखाण सहसा सापडत नाही.

बातम्या कुठल्या वाचू?

आधी असोसिएटेड प्रेस आणि रॉयटर्स. वृत्तसंस्थांच्या बातम्या कोरड्या असतात आणि ते चांगलंच आहे. मोठी दैनिकंही वाचा, पण बातमी आणि मत यांतली रेघ सांभाळा. छापील मराठी दैनिकात अग्रलेख कुठे असतो हे आपल्याला पाठ असतं. फोनवर आलेल्या दुव्यात ती ओळख पुसली जाते. म्हणून मथळ्यावर 'ओपिनियन' लिहिलंय का, हे आधी पाहायचं.

कोणाची टिपणी न ऐकता स्वतः पाहायचं असेल तर 'सी-स्पॅन'. १९७९ पासून प्रतिनिधिगृहाचं आणि १९८६ पासून सिनेटचं कामकाज ते अखंड दाखवतं. ते सरकारी नाही, केबल कंपन्यांनी उभं केलेलं आहे. सभागृहातले कॅमेरे मात्र सभागृहाच्याच ताब्यात असतात, त्यामुळे एरवी बोलणाऱ्यापलीकडे फारसं दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सभापतीच्या निवडीला १५ फेऱ्या लागल्या, तेव्हा सी-स्पॅनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांना मोकळीक होती आणि खासदारांची घोळक्यांतली खलबतं, वादावादी सगळं जगाने पाहिलं. ती चित्रफीत त्यांच्या संग्रहात आहे, जरूर पाहा.

थिंक टँकचे, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे, अहवाल विश्वासार्ह असतात का?

कोणाचे आहेत ते पाहून वाचा. हेरिटेज फाउंडेशन पुराणमतवादी, सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस उदारमतवादी, केटो स्वातंत्र्यवादी (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारी), ब्रुकिंग्ज साधारण मध्यापासून थोडी डावीकडे. आकडे बहुधा खरे असतात, निवड आणि निष्कर्ष बाजूचे असतात. एकाच विषयावर दोन विरुद्ध संस्थांचे अहवाल शेजारी ठेवावेत.

निवडणुकीचे आकडे आणि जनमत चाचण्या?

अमेरिकेत आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग मतदान घेत नाही. मतमोजणी राज्यं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) करतात, म्हणून अधिकृत निकाल प्रत्येक राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडे असतो. रात्री जाहीर होणारे 'विजयी' हे असोसिएटेड प्रेससारख्या संस्थांचे अंदाज असतात. सावध असतात, पण कायदेशीर निकाल नव्हेत. 'फेडरल इलेक्शन कमिशन' नावाची संस्था आहे खरी, पण तिचं काम पैशांवर लक्ष ठेवणं. कोणी कोणाला किती देणगी दिली, हे तिच्या संकेतस्थळावर पाहता येतं; तीच माहिती सोपी करून हवी असेल तर 'ओपनसीक्रेट्स'.

चाचण्यांसाठी मी प्यू रिसर्च सेंटरकडे जातो, कारण प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आणि माणसं कशी निवडली हे ते उघड सांगतात. साधारण हजार जणांच्या चाचणीत तीन टक्के इकडे-तिकडे होणं हे गृहीतच धरायचं. आणि देशभरची टक्केवारी म्हणजे निकाल नव्हे. २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली, पण राज्याराज्यांत वाटलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी लागणारी २७० ट्रम्प यांनी पार केली.

एखाद्या खासदाराचं काम कसं तपासायचं?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो. काँग्रेस डॉट गव्हवर सदस्याचं नाव टाकलं की त्याने मांडलेली आणि पाठिंबा दिलेली विधेयकं मिळतात. विधेयक मांडणं सोपं असतं, समितीतून बाहेर पडणं अवघड. तेव्हा नुसती संख्या मोजू नका. मतदानाची नोंद प्रतिनिधिगृहाच्या क्लार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर, नावानिशी. हीच माहिती 'गव्हट्रॅक'वर जरा सोपी करून मांडलेली आहे.

विकिपीडिया आणि एआयला विचारलं तर चालेल?

विकिपीडियावर तळटीपांसाठी जा. एआयला संकल्पना विचारा, पण खटल्याचं नाव, विधेयकाचा क्रमांक, तारीख दिली तर ती मूळ जागी पाहिल्याशिवाय वापरू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. दाव्यांची तपासणी करणारी 'फॅक्टचेक डॉट ऑर्ग' आणि 'पॉलिटिफॅक्ट' उपयोगी आहेत. त्यांच्या शिक्क्यापेक्षा खाली दिलेलं स्पष्टीकरण वाचा.

मराठीत काही आहे का?

फार थोडं, आणि याचं मला वाईट वाटतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. इतिहास आणि संकल्पनांसाठी चांगला, चालू घडामोडींसाठी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. इतकं जुनं नातं असताना तिथली घटना सोप्या मराठीत समजावणारं एक नीट संकेतस्थळ असायला हवं होतं.

आईबाबांना नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे. इंग्रजी जेमतेम आहे.

आधी सवलती पाहा. वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजीची अट नाही. नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्याच्या मदतीने मराठीतही देता येते. वय ६५ आणि २० वर्षं झाली असतील तर प्रश्नांची यादीही लहान असते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. यादी नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या. यूट्यूबवर अजून जुन्या १०० प्रश्नांचे व्हिडिओ फिरत आहेत.

भारतातून थेट काही पाहायचं तर किती वाजता?

सर्वोच्च न्यायालयातले युक्तिवाद तिथल्या सकाळी दहाला सुरू होतात. म्हणजे तिथे उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. चित्र नसतं, थेट आवाज न्यायालयाच्या संकेतस्थळावर ऐकता येतो. युक्तिवादाचे दिवस तिथल्या दिनदर्शिकेत महिनाभर आधी लावलेले असतात. त्यातली एक तारीख निवडा, खटल्यासमोर लिहिलेला एका परिच्छेदाचा प्रश्न आधी वाचा, आणि मग जेवताना ऐका.